विसांतल्या चार वाटा

खोडकेसर कॉलेजला रोज चालत येत, पण काल ज्या वाटेनं आले त्या वाटेनं आज कधीच येत नसत. चुकूनसुद्धा नाही. अमरावतीच्या कॅम्पातले रस्ते सरळ, आडवे-उभे, चौकड्याच्या लुगड्यासारखे. त्या चौकड्यांच्या एका टोकाला सरांचं घर आणि बरोबर समोरच्या टोकाला आमचं कॉलेज. मधे तीन रस्ते पश्चिमेकडे जायचं आणि तीन रस्ते दक्षिणेकडे. आधी कुठं वळायचं आणि नंतर कुठं, एवढाच काय तो प्रश्न. मागे फिरायचं नाही, लांबचा वळसा घ्यायचा नाही, असं ठरवलं तर अशा वाटा वीस होतात. सर त्या विसांच्या वीस वाटा एकेक करून चालत, आणि फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात करत.

वर्गात आल्यावर सर आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवशीची वाट लिहीत. प म्हणजे पश्चिम, द म्हणजे दक्षिण. 'प द द प प द' असं काहीतरी. मग हात झटकून गणिताला सुरुवात. माझ्या शेजारी बसणारा परतवाड्याचा भाऊराव ती अक्षरं बाकावर तबल्यासारखी वाजवायचा आणि शेवटी हळूच 'धा' म्हणायचा. सरांना ते ऐकू जायचं. ते म्हणायचे, "ठेका बरोबर आहे भाऊराव, गणित मात्र बेताल आहे."

सरांच्या हाती बारा महिने एक काळी छत्री असे. ती उघडलेली मी पाहिली नाही. प्रत्येक चौकात थांबून ते छत्रीचं टोक एकदा जमिनीवर टेकवत आणि मग वळत, नाहीतर सरळ जात. पानवाल्यांना, शिंप्यांना हे ठाऊक होतं. "साहेब, आज सीधे?" असं कोणी विचारलं की सर गंभीरपणे म्हणत, "आज वळायचं आहे."

एकदा त्यांच्या वाटेवर लग्नाचा मांडव आडवा घातलेला होता. शेजारच्या गल्लीतून कोणीही आलं असतं. सर घरी परत गेले आणि तिसऱ्याच वाटेनं नव्यानं निघाले. ते पोहोचले तेव्हा तास अर्धा संपला होता आणि दारात प्राचार्य उभे.

"काय हो खोडके, एवढा उशीर?"

"मांडव होता."

"मग बाजूनं यायचं!"

"बाजूनं आलो असतो तर ती दुसरी वाट झाली असती सर. ती मंगळवारची आहे."

प्राचार्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही वह्यांकडे पाहिलं. अर्धी चालून मोडलेली वाट सर धरत नसत. ती पुन्हा पहिल्यापासून चालावी लागे. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठीही वाकवला नव्हता.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याचीही एक गोष्ट सांगत, खरी-खोटी मला ठाऊक नाही. परतवाड्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील चांगले, मुलगी शिकलेली. सगळं जमत आलं तेव्हा सरांनी विचारलं, "मोटार स्टँडपासून तुमच्या घरी यायला वाटा किती?" वडील म्हणाले, "एकच. नाल्यावरून." सर म्हणाले, "एकाच वाटेवर माझं कसं निभणार?" स्थळ चहा न घेता उठलं.

घर कुठं घेतलं असं कोणी विचारलं तर सर गल्लीचं नाव सांगत नसत. म्हणत, "वीसवर." कॉलेजपासून एक चौक आडवा आणि एक उभा गेलं तर तिथं यायच्या वाटा दोन. दोन-दोन गेलं तर सहा. तीन-तीन गेलं तर वीस. चार-चार गेलं तर सत्तर. "आधी मी सहावर राहत होतो," ते सांगत, "पण आठवड्यात वाटा संपायच्या. सत्तरवर घर मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण तिथं कॅम्प संपतो आणि वावर लागतं."

हे आकडे त्यांनी आम्हाला पाठ करायला लावले नाहीत, उभे करून दाखवले. मैदानात चुन्याच्या रेघा मारून एकेका मुलाला एकेका चौकात उभं केलं. "आता वर बघा. तुमच्या चौकात कुठून येता येतं? वरच्या दोन चौकांतून, बस. त्या दोघांकडे जितक्या वाटा आहेत त्यांची बेरीज करा, त्या तुमच्या." एक, एक. एक, दोन, एक. एक, तीन, तीन, एक. असा खाली खाली त्रिकोण होत गेला. आपल्या जुन्या छंदशास्त्रात ह्याला मेरू म्हणतात, असं सर म्हणाले. आणि "वरच्या दोघांना विचारा" हे त्यांचं पालुपद तेव्हापासून आम्हाला कळलं. कोणी शंका विचारली की, "वरच्या दोघांना विचारा." कोणी सुटी मागितली की, "वरच्या दोघांना विचारलं का?" तिथं वरचे दोघं म्हणजे आई-वडील.

त्या दिवशी मी चुन्याच्या रेघेवर अगदी कडेला उभा होतो. माझा आकडा एक. कडेच्या चौकात यायला वाट एकच असते, कारण वर दोघं नसतात. सर माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता काही विचारतील आणि मला सांगता येणार नाही. मला वर्गात बोलताच येत नसे. बाळापूरजवळच्या खेड्यातून आलेला. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. तिथपर्यंत तरी कोण गेलं होतं म्हणा. माझ्या वरच्या दोघांना सही येत नव्हती. सर म्हणाले, "काठावर उभे राहू नका, आत या. काठावर एकच वाट असते." आणि माझा दंड धरून त्यांनी मला मधल्या तीनच्या शेजारी नेऊन उभं केलं. मग बाकीच्यांना म्हणाले, "वरचे एक आणि एक असले तरी खाली दोन होतात. हे विसरू नका." ते गणिताबद्दलच बोलत असावेत. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन गेलो.

घरी म्हणजे बापूमास्तरांकडे.

खोली शोधताना मी आठवडाभर कॅम्पात फिरलो होतो. आमच्या गावानं धम्मदीक्षा घेतली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पण मी आडनाव सांगितलं की रिकामी खोली भरलेली निघायची. बापूमास्तर रस्त्याकडेच्या ओट्यावर बसले होते. मी खोलीचं विचारलं आणि आपलं नाव सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, "नाव मंग सांगजो. पाढे कुठवर येतात?"

"तीसपर्यंत, मास्तर."

"अन् औटकी?"

मी औटकी म्हणून दाखवली. साडेतीनाचा पाढा मला वडिलांनी शिकवला होता. ते बाजारात हमाली करत आणि बोटांवर हिशेब करत. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आत हात दाखवला. "मागची खोली तुही. चूल बाहेर मांडजो, भिंती काया होतात."

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. समोरून माणूस गेला एवढं त्यांना दिसे, कोण गेला ते दिसत नसे. तरी सकाळचा चहा झाला की ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसत आणि कॉलेजची घंटा होईपर्यंत हलत नसत. शेजारी सरकीचा डबा. कपाशीचं ते बी ढोराला घालतात. मास्तर त्याचे दाणे फरशीवर मांडत, बोटांनी चाचपून मोजत, पुन्हा डब्यात भरत.

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजात देव्या हाये नं? देवीदास खोडके?"

"खोडकेसर? ते आम्हाला गणित शिकवतात."

"माह्या हातचा पोट्टा हाये तो!" मास्तर ओट्यावर सरळ होऊन बसले. "त्याच्या वीस वाटा हायेत म्हनते लोकं. म्या सरकी मांडून पाह्यल्या. खरंच वीस हायेत. त्यातल्या चार ह्या ओट्यापासून जातात. विसात चार, म्हंजे पाचात एक. हप्त्यातून एखांद्या रोजी तं तो इथून जात असनच."

"मग भेटत नाहीत?"

"मले कुठं दिसते? अन् त्याले घंटा गाठाची रायते. जात असन बिचारा घाईनं."

मी म्हणालो, मी सरांना सांगतो. तर मास्तरांनी डब्यावर हात आपटला. "खबरदार! सांगून आला तं ते येनं नाही. आपल्या वाटेनं आला पाह्यजे. मले त्याच्यापाशी एक गोष्ट बोलाची हाये, ते मी त्याले ओट्यावरच सांगीन."

कोणती गोष्ट, ते त्यांनी सांगितलं नाही. माझं एक काम मात्र ठरून गेलं. संध्याकाळी आल्यावर मास्तर विचारत, "आज कोनती होती?" मी फळ्यावरची अक्षरं सांगायची. ते बोटांनी हवेत वळणं घेत जात आणि म्हणत, "हं, अलीकडच्या चौकातूनच खाली वळला. उद्या येईन." दुसऱ्या दिवशी, "खालच्या चौकात लागला. उद्या येईन." एखाद्या दिवशी तर माझी अक्षरं पुरी व्हायच्या आत चेहरा फुलायचा, आणि चौथं अक्षर ऐकलं की, "गेला वाटते एक चौक चुकून."

असा पावसाळा गेला. दसऱ्याला अकोल्याहून मुलगा आला. डोळ्यांचं ऑपरेशन तिकडे करायचं, आणि मग तिकडेच राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मास्तर दोन वर्षं टाळत होते, ह्या वेळी टाळता आलं नाही. दिवाळीच्या आधी मुलगा येऊन घेऊन जाणार. तो गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "अकोल्याच्या घरापासून काही देव्याची वाट जात नाही बाप्पा." मग हसले. "पन अजून दिवस हायेत. पाचात एक, भाऊ. पाचात एक."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसेल.

सरांचा आणखी एक रिवाज सांगायचा राहिला. वीस वाटांची फेरी पूर्ण झाली की ते वर्गात फुटाण्यांचा पुडा घेऊन येत. "फेरी पूर्ण झाली. घ्या." प्रत्येकाच्या ओंजळीत फुटाणे पडत, मग फळ्यावर पुन्हा पहिली वाट. भाऊरावला गणितात तेवढंच आवडायचं.

दिवाळीची सुटी चार दिवसांवर आली होती आणि मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. आदल्या संध्याकाळी मी कंदिलापाशी बसून त्यांच्यासाठी एक हिशेब करत होतो. कोणत्या वाटा होऊन गेल्या आणि कोणत्या उरल्या ते काढलं तर शेवटच्या दिवशी सर इकडून येतील की नाही हे कळेल, एवढाच माझा विचार होता. मी विसांच्या वीस वाटा लिहिल्या. ह्या फेरीत फळ्यावर आलेल्यांवर काट मारत गेलो. रोज मास्तरांना सांगून सांगून त्या मला पाठच झाल्या होत्या. शेवटी चार उरल्या. पाहिलं तर चौघींच्या शेवटी दोन द.

मग मी मागच्या फेरीतल्या वाटा आठवल्या. त्यातही शेवटी दोन द कुठंच नव्हते. आणि ते फुटाणे आम्हाला नेहमी जरा लवकरच का मिळत, तेही कळलं.

दोन द म्हणजे पश्चिमेचे तिन्ही रस्ते संपवून कॉलेजच्या रस्त्याला लागायचं आणि शेवटचे दोन चौक सरळ खाली यायचं. त्या रस्त्यावर, कॉलेजच्या दोन चौक अलीकडे, बापूमास्तरांचा ओटा होता. सरांचा चौक चुकत नव्हता. सर तिथून जातच नव्हते.

बाहेर मास्तर सामान बांधता बांधता गुणगुणत होते. मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी निघायचं ते लांबलं. मुलाला जिनिंगमधून निघता आलं नाही, तो एक दिवस उशिरा येणार असा निरोप आला. मास्तरांना आनंद झाला. "एक दिवस वाढला," म्हणाले आणि धुतलेला सदरा पुन्हा बाहेर काढला. मी कॉलेजात गेलो. सर आले ते हातात पुडा घेऊन.

"फेरी पूर्ण झाली. घ्या."

भाऊरावनं बाकावर 'धा' वाजवला. पुडा बाकांवरून फिरत माझ्यापर्यंत आला. मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. 

"सर, सोळाच झाल्या."

भाऊरावनं माझा सदरा खाली ओढला. "अबे, बस खाली! फुटाणे जातीन!"

"वीस," सर म्हणाले.

"नाही सर. ज्यांच्या शेवटी दोन द आहेत त्या चार राहिल्या. मागच्या फेरीतही राहिल्या होत्या."

मला वाटलं, आता आपलं कॉलेज संपलं. सरांनी खडू ठेवला. पुन्हा उचलला. फळ्याच्या कोपऱ्यात पाहिलं, मग खिडकीबाहेर. एक फुटाणा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावत राहिले. शेवटी म्हणाले, "बसा. बरोबर आहे." आणि त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही.

तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही राहता कुठं?"

"बापूमास्तरांकडे."

छत्रीची मूठ त्यांच्या हातात एकदा फिरली. "ओट्यावर बसतात का अजून?"

"रोज बसतात सर. तुमची वाट पाहतात. ते म्हणतात, विसात चार इकडून जातात, कधीतरी येईलच."

सर खुर्चीत बसले. नेहमीचं शुद्ध बोलणं गळून पडलं. "त्यायनं शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं रे. हा पोरगा नागपूरहून गणितात पहिला येईन. कोणाले पुसू देत नव्हते. अन् मी आलो थर्ड क्लास घेऊन. आता कोन्या तोंडानं त्या ओट्यापासून जाऊ?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी मास्तर अकोल्याला जातात सर. कायमचे."

त्या संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "आज कोनती होती?" मी अक्षरं सांगितली. बाकीचं काही सांगितलं नाही. उगीच आशा लावली आणि सर आले नाहीत तर काय करायचं?

सकाळी टांगा दाराशी उभा होता. मुलगा ट्रंक चढवत होता, टांगेवाला बडनेऱ्याच्या गाडीची वेळ सांगून सांगून कंटाळला होता. मास्तर उठायला तयार नव्हते. "घंटा तं होऊ दे," म्हणत होते. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यायले काय कॉलेजात जायचं आहे का?"

मी वरच्या चौकाकडे पाहत होतो. तिथं काळी छत्री दिसली. सर पश्चिमेचे तिन्ही रस्ते संपवून आले होते. चौकात थांबले, छत्रीचं टोक टेकवलं, वळून एक चौक खाली आले आणि ओट्याच्या कोपऱ्यावर पुन्हा थांबले. ह्या वेळी टोक टेकवलं ते उचलेचनात. मी मनात म्हणत होतो, या सर, या. पाच पावलंही नव्हती.

मास्तरांनी मान वर केली. "कोन उभं हाये तिथं?"

सरांनी नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, "प प प द."

"देव्या!" मास्तर ओरडलेच. "अबे, दोन द उरले नं तुहे! इतके दिवस काहून नाही आला? दर खेपेले चौकच चुकत व्हता का?"

"नाही मास्तर. येतच नव्हतो. सोळाच वाटा चालत होतो."

"सोळा?" मास्तर म्हणाले. "अन् मी येथं पाचात एक, पाचात एक करून राह्यलो! काहून बे?"

सर ओट्याखाली उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखं सगळं सांगून टाकलं. फळ्यावरचं नाव, नागपूर, थर्ड क्लास. मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "पास झाला नं?"

"हो."

"मंग? म्या काय लिवलं व्हतं ते मले आठवत बी नाही. आता माहं आयक. मले इतके दिवस सांगाचं व्हतं. शाळेपासून हिरीवर जाले तीन रस्ते आडवे अन् दोन उभे, वाटा किती, असं म्या इचारलं व्हतं तुले. तू म्हनला दहा. म्या म्हनलो, तीन दुणे सहा. अन् तुह्या कानाखाली वाजवली."

"मला नाही आठवत मास्तर."

"मले आठवते नं! तुह्या ह्या वीस वाटा लोकं सांगाले लागले, तं म्या सरकी मांडून पाह्यल्या. मंग ते हिरीचंही मांडलं. दहा निघाले. पुन्ना मांडले. दहाच. तुहं बरोबर व्हतं, देव्या. म्या तुले फुकटचं मारलं. हे तोंडानं सांगितल्याबगर मले अकोल्याले जावत नव्हतं."

सरांना आठवत नव्हतं खरं, पण त्यांचा हात डाव्या गालाकडे गेला आणि तिथंच राहिला. मग ते हसायला लागले. मास्तरही हसायला लागले. टांगेवाला म्हणाला, "हँसना बाद में करो साहेब, गाडी छूट जायेगी," तेव्हा सरांनीच वळकटी उचलली, मास्तरांना हात देऊन टांग्यात बसवलं आणि छत्रीसकट शेजारी चढले.

"अन् ह्या पोराचं काय?" मास्तर टांग्यातून म्हणाले. "घर तं बंद होते. औटकी येते त्याले."

सर माझ्याकडे वळले. खोलीचं काय करायचं ह्या काळजीनं मी दसऱ्यापासून नीट जेवलो नव्हतो, आणि ते कोणाला बोललोही नव्हतो. ते म्हणाले, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. वीसवर आहे. चालेल ना?"

मी मान डोलावली. टांगा निघून गेला आणि मी रिकाम्या ओट्यावर जरा वेळ बसून राहिलो.

त्या दिवशी सर कॉलेजला आले नाहीत. ते थेट अकोल्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'प प प द', आणि पुढं दोन आडव्या रेघा.

"सर, ही वाट अर्धीच आहे," भाऊराव म्हणाला. "मोडलेली धरत नाही नं आपण?"

"ही धरायची," सर म्हणाले आणि गणिताला सुरुवात केली.

मी वीसवर राहायला गेलो. दिवाळीनंतर सर दर रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायला लागले. एकदा मी भीत भीत विचारलं, "सर, अकोल्यात स्टेशनपासून मास्तरांच्या घरी जायला वाटा किती?"

"एकच," सर म्हणाले. "सरळ. मधे वळायला जागाच नाही."

"मग दर रविवारी तीच?"

"तीच." आणि छत्री घेऊन निघाले.

घरून परत येताना एका रविवारी मी अकोल्याला उतरलो आणि विचारत विचारत तिथं गेलो. दार उघडं होतं. मास्तरांचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. दोघं सतरंजीवर समोरासमोर बसले होते आणि मधे सरकीच्या दाण्यांचा मोठा त्रिकोण पसरला होता. मास्तर बोटांनी चाचपत होते. सर दाणे पुरवत होते. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. सवय जात नाही.

सरांनी वर न बघता म्हटलं, "काठावर उभे राहू नका. आत या."

"ये, ये, बस," मास्तर म्हणाले. "ह्या ओळीत चुकून राह्यला हा. वरच्या दोघायले इचार म्हनतो, तं आयकत नाही."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन दोघांच्या मधे बसलो.